विमानवाल्या नानांचं सरकलेलं वर्तुळ

मला हात दिला तो कर्जतजवळच्या शेलूच्या विमानवाल्या नानांनी, आणि नानांना अधूनमधून ताळ्यावर आणलं ते त्यांच्या बायकोने, आमच्या काकींनी. ही दोन माणसं पहिल्यांदा सांगून टाकते. लिहिताना माझी गडबड होते, भलतंच लांबत जातं आणि मुख्य तेवढं राहून जातं. परभणीकडच्या आमच्या गावात मी सातवीत शाळा सोडली. तेव्हापासून चार ओळी लिहायच्या म्हटलं की तळहाताला घाम येतो. असा घाम आला की नाना म्हणायचे, "हात पूस आन् बस. कागद कुठं पळून चाललाय?"

नाना मूळचे शेलूचेच. त्यांची भाताची जमीन होती, तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यातल्याच एकीत तळमजल्यावर नाना-काकी राहायला आले. स्वयंपाकघरात कुणी पाहुणा आला की नाना ओट्याखाली बोट दाखवायचे. "हितं आमचा बांध होता. तुमी उभे हाय तिथं चिखल. जपून." पाहुणा खरोखरच एक पाऊल मागे घ्यायचा.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी साजगावच्या एका कारखान्यात छपाई केली. यंत्रांवरच्या तबकड्या, त्यांवरचे आकडे, काटे फिरतात ती बारीक घरं. लाकडी चौकटीत ताणलेली जाळी, जाळीवर शाई, शाईवरून फिरवायची रबरी पट्टी. निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने शाल दिली. नानांनी शाल काकींना दिली आणि मोडीत निघालेल्या दोन चौकटी मागून घेतल्या.

त्या चौकटींवर ते विमानांच्या खुणा छापायचे. हे मला नीट सांगायला हवं, कारण तिशी उलटेपर्यंत मलाही यातलं काही ठाऊक नव्हतं. जुन्या महायुद्धात लढलेल्या विमानांच्या वीतभर प्लॅस्टिकच्या प्रतिकृती जुळवायचा शौक असलेली माणसं जगभर आहेत. खोक्यात सुटे भाग येतात, आणि पंखावर-शेपटीवर लावायच्या खुणांचा एक कागदही येतो. वर्तुळं, आकडे, अक्षरं. पण तो कागद बहुतेकदा जाड असतो, रंगाला फिका असतो, आणि सगळ्यांना त्याच त्या खुणा. खऱ्या शौकिनाला अमुकच विमान हवं असतं, अमुक माणसाने उडवलेलं. मग तो खुणांचा वेगळा कागद मागवतो. तसे कागद मन लावून छापणारी माणसं थोडी. त्यातले एक आमचे नाना. हा नाद त्यांना कसा लागला विचारलं, की एवढंच सांगायचे: कारखान्यातल्या एका साहेबाने जाताना विमानाचं एक खोकं दिलं, त्यातला खुणांचा कागद कुजलेला निघाला. "बिनखुणेचं विमान म्हंजे बिनमालकाचं ढोर. कसं ठेवायचं घरात?"

पण गंमत अशी की त्या खोक्यातलं, पहिलंवहिलं विमान त्यांनी कोरंच ठेवलं होतं. बाकीची पंधरावीस गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दांडीला दोऱ्यांनी टांगलेली, खुणांनी सजलेली. मधोमध हे एक करडं, बोडकं. का, ते सांगायचे नाहीत.

काकी म्हणायच्या, "माझ्या पातळावर रोज जपानी उतरतंय. पातळ वाळायचं कुठं?"

"दोन दिवस नेसू नको."

"बघ गं बघ, म्हातारा काय बोलतोय!"

मी त्या घरात शिरले ती झाडू घेऊन. माझे मालक इमारतीचे वॉचमन, आणि जिने पुसायचं काम माझं. त्याआधी दोन ठिकाणी मला कामावरून कमी केलं होतं, दोन्हीकडे फॉर्म भरता आला नाही म्हणून. त्यामुळे मी कुठेही जाताना एक कापडी पिशवी घेऊन जायची. तिच्यात एक साडी, डबा, आधार कार्ड. जायला सांगितलंच तर मागे काही राहू नये. ती पिशवी दारातच ठेवायची, चपलेच्या शेजारी.

एकदा दुसऱ्या मजल्यावर दारावरचं नावाचं स्टिकर फुगलं होतं. मी ओल्या फडक्याने ते अलगद सोडवलं आणि बुडबुडे काढत परत सरळ बसवलं. मागे वळते तर जिन्यात नाना. त्यांना तळमजल्यावर राहून दुसऱ्या मजल्यावर काय काम, तर रोज सगळे जिने चढून गच्चीत जायचे, हवा बघायला. लिफ्टमध्ये पाय ठेवायचे नाहीत. "दार लागल्यावर कुठं चाललोय ते दिसत नाय," म्हणायचे.

"हे कुठं शिकलीस गं?"

मला वाटलं, झालं. म्हटलं, "चुकलं का, नाना? पुन्हा काढू?"

"अगं विचारतोय. कुठं शिकलीस?"

"कुठं नाई ओ. सालपापड्या काढते की मी. वाफेवरची पापडी अशीच सोडवावी लागते, नाईतर फाटती."

"कितवी झालीस?"

हा प्रश्न आला की मी हातातलं फडकं पिळत बसायची. "सातवी. म्हंजे सातवी पण पुरी नाई."

"सातवी नको मला. बोटं दाखव."

माझी बोटं त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली, बाजारात भेंडी बघतात तशी. घरी नेलं. एका बशीत पाणी, त्यात नखाएवढा कागद. तो भिजला, आणि त्याच्यावरची खूण पापुद्र्यासारखी सुटून तरंगायला लागली. ती ब्रशने एका प्लॅस्टिकच्या पंखावर सरकवायची. मी घाई करायला गेले तसा त्यांनी हात धरला. "पाण्याला घाई नसते. तुला कशाला?" तिसऱ्या खेपेला खूण बसली, खाली हवेचा एक कण नाही. नाना काकींना ओरडून म्हणाले, "देशावरची बाय मिळाली! चहा टाक!"

अशी मी त्यांच्याकडे लागले.

छपाईचा दिवस नाना ठरवायचे नाहीत, मीठ ठरवायचं. खिडकीत एक कल्हईची वाटी, तिच्यात खडे मीठ. सकाळी चिमूट उचलायची. बोटांना ओल लागली तर "मीठ रडतंय, आज नाय." कोरडं सुटलं तर "चल, हसलं." आमच्याकडे पावसाळ्यात चार महिने हवा अशी ओली, की शाईवर शाई बसतच नाही. पहिला पांढरा थर, तो वाळला की वर निळा, तो वाळला की आकडे. एका केसाचा फरक पडला की कागद रद्द. मुंबईच्या एका गिऱ्हाइकाने फोनवर घाई केली तेव्हा नाना म्हणाले, "मिठाला विचारून सांगतो," आणि फोन ठेवला. त्या बिचाऱ्याला वाटलं मीठ नावाचा भागीदार आहे.

प्रत्येक कागदाच्या मागे ते पेन्सिलीने दोनच शब्द लिहायचे. ते विमान लढाईतून माघारी आलं असेल तर "परत आलं." नसेल तर "नाय आलं." ठाऊक नसेल तर मागची बाजू कोरी, आणि तो कोरेपणा त्यांना खुपायचा. वैमानिकांबद्दल बोलायचे ते गावातल्या पोरांबद्दल बोलावं तसं. "हा पोरगा हुशार, पण उतरताना घाई करायचा." पाडलेल्या विमानांच्या मोजणीचे छोटे शिक्के असतात, वैमानिकाच्या बसायच्या जागेखाली रंगवलेले. ते नाना छापायचे, पण कागदाच्या कोपऱ्यात, वेगळे कापून. गिऱ्हाइकाला सांगायचे, "लावायचे का नाय ते तुमचं तुमी बघा. आमी सांगनार नाय."

स्वभाव मात्र ताठ. बंगळुरूच्या एका माणसाने कळवलं, की तुमच्या एका अक्षराचा हिरवा थोडा गडद आहे. नानांनी महिनाभर जुने रंग धुंडाळले. माणूस बरोबर निघाला. नानांनी हिरवा बदलला आणि त्या माणसाला कागद देणं बंद केलं. "माझ्या रंगाला नावं ठेवतो? कोरी उडव म्हनावं विमानं." तीन वर्षं तो बिचारा पत्रं पाठवत होता.

हे मी ऐकून होते, म्हणून पुढच्या प्रसंगात माझी काय गत झाली ते समजेल.

नानांचा सगळ्यात लाडका कागद होता तो ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या एका हरिकेन विमानाचा. त्याची देखभाल करणाऱ्यांत आपल्याकडची मराठी माणसं होती, म्हणून लाडका. त्या आघाडीवरची एक गोष्ट नाना प्रत्येकाला सांगायचे. आपल्या बाजूच्या, म्हणजे इंग्रजांच्या, विमानांवर मुळात जे गोल चिन्ह होतं, त्याच्या मधोमध लाल ठिपका असायचा. पण जपान्यांच्या विमानावरही लाल गोळा. लांबून लाल दिसलं की आपलेच लोक आपल्याच विमानावर गोळ्या झाडायचे. म्हणून लाल काढून टाकायचा हुकूम आला. जुन्या वर्तुळावर निळा रंग फासला आणि मध्ये नवा पांढरा गोळा काढला. हा कागद नाना सहा वर्षं छापत होते. पाठ कोरीच. विमान परत आलं की नाही, कुणाला ठाऊक नव्हतं.

एका रविवारी पुण्याहून एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांचे वडील त्याच विमानावर मेकॅनिक होते. नानांचा कागद त्यांनी घेतला होता, आणि आता वडिलांच्या ट्रंकेत सापडलेला मूळ फोटो दाखवायला आणला होता. नाना ज्या फोटोवरून छापत होते तो एका पुस्तकातला, बोटभर. हा चांगला पाटीएवढा. नानांनी भिंग घेतलं, आकडे तपासले, अक्षरं तपासली. "बरोबर! सगळं बरोबर!" काकींनी तांदळाच्या भाकरी आणि वालाचं बिरडं केलं होतं. गृहस्थ जेवताना म्हणाले, "बाबा सांगायचे, ते विमान शेवटपर्यंत परत येत राहिलं. लढाई संपली तेव्हा धावपट्टीवर उभं होतं."

नाना जेवता जेवता उठले, उष्ट्या हाताने पेन्सिल घेतली आणि कपाटातल्या सगळ्या कागदांच्या मागे लिहीत सुटले. "परत आलं. परत आलं."

"अहो हात धुवा!" काकी ओरडत होत्या.

मी फोटो बघत होते. आणि त्यातल्या वर्तुळापाशी अडकले.

माझे वडील गावोगाव भिंती रंगवायचे. सिमेंटच्या, खताच्या जाहिराती. मोठं वर्तुळ काढायचं तर मध्ये खिळा, खिळ्याला दोरी, दोरीच्या टोकाला खडू. खिळ्यापाशी दोरी धरायला मी असायची. जुन्या वर्तुळावर रंग मारला की खिळ्याचं भोक बुजतं. मग नवा खिळा अंदाजाने ठोकावा लागतो, आणि तो हमखास सरकतो. फोटोत तेच झालं होतं. पांढरा गोळा मधोमध नव्हता. एका बाजूला निळी कड दोन काड्यांएवढी जाड, दुसरीकडे काडीएवढीच. फोटो तिरका काढलाय म्हणून तसं दिसतं म्हणावं, तर बाहेरचं वर्तुळ चांगलं गोल होतं. तिरक्या फोटोत तेही चपटं दिसलं असतं.

म्हणजे नानांचा लाडका कागद सहा वर्षं चुकत होता. अगदी बरोबर मधोमध छापून.

पाहुणे फोटो ठेवून गेले. दोन दिवस मी तो पालथा घालून ठेवला. हिरव्या रंगासाठी तीन वर्षं अबोला धरणारा माणूस; माझ्यासारखीला तो उभी कशाला करील? आणि फक्त काम जाणार नव्हतं. महिन्यापूर्वीच नानांनी माझा सतरा नंबरचा फॉर्म भरला होता, बाहेरून दहावीला बसायचा. फॉर्मच्या रकान्यांना घाबरून मी रडले तेव्हा त्यांनी एकेक रकाना फुंकर घालून वाळवला होता. दुपारी त्याच टेबलावर मी बीजगणित सोडवायची. ते टेबल गेलं तर दहावी गेली.

शेवटी काकींना सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या.

"मग सांग की त्याला."

"मला काढून टाकतील, काकी."

"मी चाळीस वर्षं याच्या चुका सांगतंय. मला कुठं हाकललं?"

"तुमची गोष्ट येगळी."

"येगळी काय? मला पन दोन दिवस बोलत नाय. लई शांत वाटतं घरात."

मी फोटो नानांपुढे ठेवला. म्हटलं, "नाना, खिळा सरकलाय." आणि वडिलांचं, दोरीचं, भोकाचं सगळं एका दमात सांगून टाकलं. नानांनी भिंग लावलं. मग कंपास आणला. मग उठले आणि गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहिले. मी विचारलं, "जाऊ का?" ते दांडीवरच्या विमानांचे दोरे सारखे करत राहिले.

चार दिवस असेच. मीठ हसत होतं, खडखडीत, आणि तरी नाना छापत नव्हते. मी यायची, चौकटी पुसायची, जायची. पाचव्या दिवशी मी पिशवीत बीजगणिताचं पुस्तकही भरून नेलं. म्हटलं, आज जायला सांगतीलच.

गॅलरीची भिंत खडूने भरली होती. वर्तुळंच वर्तुळं. नाना शिडीवर अर्धे वाकून, तोंडात खिळे, हातात काकींच्या परकराची नाडी. त्यांनी मुद्दाम अवघड जागी उभं राहून, वाकून, एका हाताने गोळे काढून बघितले होते. एकूण एक गोळा सरकलेला, आणि सगळे एकाच बाजूला.

खिळे हातात घेऊन म्हणाले, "पंखावर पाय ठेवून वाकला असनार तो रंगवनारा. डाव्या हातात डबा. ऊन. वरून हुकूम, आजच्या आज कर. मधोमध कसं येईल?" मग शिडीवरून उतरत, "मी कारखान्यातला मानूस. मला सगळं मधोमध दिसतं. तुला हाय तसं दिसलं."

मी तिथेच खाली बसले.

"आन् ती पिशवी दारात का ठेवतेस रोज?"

मी खरं ते सांगितलं. नानांनी पिशवी उचलली, आत नेली आणि मिठाच्या वाटीशेजारच्या खुंटीला अडकवली. "हितं लाव. दारात कुत्रं नेतं."

त्या आठवड्यात नवी जाळी ताणली. पांढरा गोळा सरकवून छापला. आणि नानांनी, ज्यांनी ज्यांनी तो कागद घेतला होता त्या सगळ्यांना नवा कागद पाठवला, सोबत पत्र. "आमचं चुकलं. गोळा मधोमध नाय. आमच्याकडच्या बाईंनी दाखवलं. जुना लावला असल्यास माफी." इंग्रजी पत्ते मी काढायची. वाचता येत नव्हते, चित्रासारखे बघून काढायची. सगळी पाकिटं झाली तेव्हा नाना कान खाजवत म्हणाले, "आनखी एक घे. बंगळुरू."

काकी आतून म्हणाल्या, "देव पावला."

नानांच्या प्रत्येक कागदाच्या कडेला त्यांची सही म्हणून भाताची एक बारीक लोंबी छापलेली असायची. त्या दिवशी म्हणाले, तुझी पण एक खूण सांग. मी नको नको म्हणत होते. शेवटी म्हटलं, खिळा. तेव्हापासून लोंबीशेजारी मुंगीच्या पायाएवढा एक खिळा असतो. ज्याला ठाऊक नाही त्याला शाईचा डाग वाटेल.

पुण्याच्या गृहस्थांचा फोन आला. नवा कागद त्यांना पोचला होता. हसत होते. "नाना, आमचे बाबा घरात भिंतीवर खिळा ठोकायचे तोही वाकडाच. सगळे फोटो कलते. आई आयुष्यभर बोलायची. म्हणजे तो गोळा त्यांच्याच हातचा हो!"

नानांनी फोन ठेवला आणि गॅलरीत गेले. दांडीवरचं ते कोरं विमान खाली काढलं. तेव्हा पहिल्यांदा बोलले. "हे पण हरिकेनच हाय. ह्याला मला परत आलेल्याच्याच खुणा लावायच्या होत्या. नक्की परत आलेल्याच्या." कागद पाण्यात टाकला. खूण सुटली. पण ब्रश आता त्यांच्या बोटांत ठरेना. छापताना चौकटीचा आधार असतो. इथे नुसतं पाणी. दोनदा प्रयत्न केला. मी म्हटलं, "द्या, मी लावते."

नानांनी ब्रश बशीत ठेवला. "तू लावशील. पन आत्ता नाय. दहावीचा कागद घेऊन ये, मग लाव. तवर राहू दे कोरं. इतकी वर्षं राहिलंय."

आता मालकांची ड्युटी बडोद्याकडे लागली आहे. मी इथे एका कारखान्यात मीटरच्या तबकड्या छापते. मुलाखतीत शिक्षण विचारलं तेव्हा मी खिळ्याची खूण असलेला कागद पुढे ठेवला. इथे भाषा वेगळी, पाणी वेगळं. रात्रपाळीच्या बायका "काय" ऐवजी "शुं" म्हणतात. घरमालकिणीने पहिल्या दिवशी विचारलं, खिडकीत वाटीभर मीठ कशाला? म्हटलं, आमच्यात ठेवतात.

दहावीचा निकाल लागला तेव्हा फोन नानांनाच केला. सगळे विषय सुटले, इंग्रजी राहिलं. मी रडत होते. नाना म्हणाले, "एकच कड बारीक हाय ना? बाकी गोल हाय ना? मग?" मागून काकींचा आवाज, "तिला सांग, पातळं वाळत घालायला कुनी नाय हितं. लवकर ये."

पुरवणी परीक्षेला मला कर्जतला यायचं आहे. रोज कामावरून आले की एक पान वाचते. आता पत्ते नुसते काढत नाही, वाचतेही. नाना, हे तुम्हाला कुणी वाचून दाखवलंच तर ऐका: इंग्रजीचा कागद हातात आला की मी पिशवी घेऊन सरळ शेलूला येणार. पिशवी खुंटीला लावणार. बशीत पाणी घेणार, आणि वाटीतलं मीठ हसलं की त्या कोऱ्या विमानाच्या पंखावर तो पांढरा गोळा सरकवणार, त्या मेकॅनिकने ठेवला होता तिथेच. घाई करणार नाही.